विहिरीकडे हो, फणसाकडे नाही

बाईंच्या घरात मला खोली मिळाली ती नेमकी कशामुळे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तसं बाईंच्या बाबतीत मला एकूण काय कळलं, असं कुणी विचारलं तर मला मान खालीच घालावी लागेल. पण तसं कुणी विचारत नाही, म्हणून सांगायला बसलोय.

मी तासगावकडचा. मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि पहिलीच नेमणूक रत्नागिरीला झाली. जमिनीच्या हद्दी मोजायच्या, खुणा दाखवायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, असं ते काम. खोली शोधत होतो तेव्हा कुणीतरी सांगितलं की कोर्टातून निवृत्त झालेल्या एक टायपिस्ट बाई आहेत, एकट्याच असतात, खालची खोली रिकामी आहे, मात्र जरा जपून बोला. मी पाखाडीच्या पायऱ्या चढून गेलो. जांभ्याचं दुमजली घर, पुढे मोठं खळं म्हणजे अंगण, उजव्या हाताला विहीर, डाव्या हाताला अवाढव्य फणस आणि दोहोंच्या मधून पोफळींना पाणी नेणारा सिमेंटचा पाट. बाई वर गॅलरीत उभ्या होत्या. उंच, किडकिडीत, चष्मा साखळीला अडकवलेला. मी खोलीचं विचारलं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मासे चालतात का तेही नाही. आत गेल्या, एक हिरवट कागद घेऊन आल्या, कठड्यावर ठेवून भराभर घड्या घातल्या आणि माझ्या डोक्यावरून विमान सोडलं.

मी मागे वळून पाहिलं. एखादं नातवंड उभं असेल, त्याच्यासाठी असेल, असं वाटलं. मागे कुणी नव्हतं. विमान खळ्यावर एक संथ गिरकी घेऊन पाटाच्या काठाला टेकलं.

"कुठे पडलं? विहिरीकडे की फणसाकडे?" बाईंनी वरून विचारलं.

"पाटाजवळ."

"पाटाजवळ हे काय उत्तर झालं? अलीकडे की पलीकडे?"

मोजणीवाल्याला असा प्रश्न विचारला की त्याचा हात आपोआप पिशवीत जातो. मी टेप काढली, पाटाचा मध्य धरला आणि मोजलं. विमानाचं नाक फणसाच्या बाजूला वीतभर होतं. तसं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"फणसाकडे म्हणजे नाही," बाई म्हणाल्या.

मी टेप गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि निघालो. तेवढ्यात वरून आवाज आला की चाललात कुठे, खोली झाडून ठेवलेली आहे, चावी दाराला आहे. मी म्हटलं, पण आत्ता तर नाही आलं ना? त्यावर त्या म्हणाल्या, "ते विमानाचं झालं."

त्या दिवशी जो मी गोंधळलो तो आजवर सावरलेलो नाही.

त्या भागात देवळातून कौल लावतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. देवाच्या उजवीकडची कळी आधी पडली की हो, डावीकडची पडली की नाही. लग्न जमवणं, घर बांधणं, नोकरी सोडणं, असलं सगळं त्या कळीवर ठरतं. बाईंचा कौलावर विश्वास होता, पण गुरवावर काडीचा नव्हता. कुठली कळी किती ओली करायची हे त्याच्या बोटांना बरोबर कळतं, असं त्या म्हणायच्या. त्यापेक्षा कागद बरा, कागदाला कुणाची ओळख नसते. म्हणून त्यांनी स्वतःचा कौल काढला होता. विमान विहिरीकडे पडलं तर हो, फणसाकडे पडलं तर नाही.

इथपर्यंत मला पटलं होतं. पण पुढे दिसू लागलं की कागदाला बाईंची ओळख नसली तरी बाईंना कागदाची फारच होती. टायपिंगमध्ये चुकलेले कागद फेकायच्या ऐवजी त्या घरी आणायच्या आणि घड्या घालत बसायच्या. नोकरीभर हेच केलं. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं त्यांनी वाढवलेलं होतं, घडीवर फिरवायला. हिरवा लेजर कागद लांब जातो, फुलस्केप बेभरवशाचा, कॉपीचा पातळ कागद उतरायचं नावच घेत नाही, लग्नपत्रिका नाकावर आपटते आणि वर्तमानपत्र खाडीच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मान टाकतं. पावसाळ्यात त्या विमानाचे कागद तव्यावर पापडासारखे फिरवून घ्यायच्या. मी एकदा चहा मागायला गेलो तर गॅसवर कागद आणि चहाचं आधण बाजूला थंड होत पडलेलं.

विमानांना त्यांनी नावं ठेवली होती, तीही कोर्टातली. जाडजूड नाकाचं एक विमान सोडलं की तावातावाने वर जायचं, जरा थबकायचं आणि जिथून निघालं तिथेच, गॅलरीखालच्या पायरीवर पडायचं. ती "तारीख". तारीख पायरीवर पडली की ना हो ना नाही, प्रश्न पुढच्या वेळी परत. रुंद पंखांचं, एकदा विहिरीकडे तर एकदा फणसाकडे झुलत जाणारं, ती "तडजोड". गोल फिरून सोडणाऱ्याकडेच परत येणारं ते "अपील". आणि लांब, निमुळतं, सुईसारखं एक होतं ते "समन्स". ते ना इकडे वळायचं ना तिकडे, समोर जो असेल त्याच्या छातीवर जाऊन आदळायचं. समन्स त्या सहसा सोडत नसत. टपालवाल्याला एकदा लागलं होतं म्हणे, तेव्हापासून तो पाखाडीच्या खालूनच हाका मारायचा.

मी शिकलो ही विमानं. मोजणीला कातळावर गेलो की दुपारच्या सुट्टीत करून बघायचो. पंखाची मागची कड जरा वर दुमडली की विमान कुठे वळतं हे माझ्याही लक्षात आलं. म्हणजे बाईंना तर ते झोपेतही कळत असणार. मग कौल कुणाचा? देवाचा, वाऱ्याचा की बाईंच्या नखाचा? मी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "कोर्टात एवढी वर्षं निकाल टाइप केले. निकाल आधी लागतो. कारणं मागाहून टाइप होतात."

मी मान डोलावली. खोलीत आल्यावर लक्षात आलं की आपल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतंच. किंवा असेलही.

त्यांचे नियम कडक होते. देवाचं नाव छापलेल्या कागदाला घडी घालायची नाही. एकदा मोडलेला कागद पुन्हा वापरायचा नाही, तो खोटं बोलतो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे जमिनीला टेकल्याशिवाय कौल नाही. पंप नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा यासाठी सोडलेलं एक विमान फणसाच्या वरच्या फांदीत अडकलं. कौल अर्धवट राहिला. मी काठीने पाडतो म्हटलं तर ते चालणार नव्हतं, हात लावलेला कौल बाद. ते विमान आपल्या सवडीने खाली येईपर्यंत घरात पंप नव्हता आणि मी रोज सकाळी रहाटाने पाणी ओढत होतो. आलं ते फणसाकडेच, म्हणजे नवा नको. बाईंनी नवा घेतला.

या सगळ्याची मला मजा वाटायची. एका रविवारी पूर्णगडहून भावजी आले आणि मजा संपली.

भावजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. खलाशी घराणं, ते स्वतः मच्छीच्या धंद्यात. हातात ताज्या बांगड्यांची, म्हणजे माशांची, पिशवी. बाईंनी पिशवी घेतली, त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला. मग ते खाली बघून बोलायला लागले, आणि बाईंना नवरा आहे हे मला तेव्हा कळलं. तोवर मी त्यांना विधवाच समजत होतो. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, कुंकू मात्र असायचं. मी त्याचाही कधी उलगडा करून घेतला नव्हता.

नवरा बोटीवर होता. लग्नानंतर सुरुवातीला रजेवर यायचा. मग येतो म्हणून कळवायचा आणि यायचा नाही. मग कळवणंही थांबलं. मुंबईत त्याने दुसरं घर केल्याचं गावात आधी समजलं, बाईंना शेवटी. आता ती दुसरी बाई वारली होती. तिच्या मुलांनी याला बाहेर काढलं होतं. साखरेने पायाची बोटं काढावी लागली होती. पूर्णगडात भावजींकडे येऊन पडला होता, पण त्यांचं घर ते केवढं. मुलाचं लग्न ठरलेलं, सून येणार, म्हाताऱ्याची खाट नेमकी जाण्यायेण्याच्या वाटेत. भावजींचं एवढंच म्हणणं होतं की वैनीने त्याला इथे ठेवून घ्यावा. नाहीतर आता तो जाणार कुठे?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, कौल लावते.

वर गेल्या. भावजी खळ्यात उभे राहिले, हात जोडून. मीही उभा होतो, मोजणीवाला म्हणून. विमान सुटलं, तावातावाने वर गेलं, थबकलं आणि गॅलरीखालच्या पायरीवर पडलं. तारीख.

"वैनी, ह्याचा अर्थ काय?" भावजींनी विचारलं.

"पुढच्या रविवारी या."

भावजी येत राहिले. दर वेळी पिशवीत मासे, कधी सौंदाळे, कधी कोलंबी, आणि दर वेळी पायरीवर तारीख. बिचारे नाना उपाय करायचे. एकदा विहिरीकडे वारा ओढेल म्हणून त्यांनी मधली कपड्यांची दोरीच सोडली. एकदा फणसाची फांदी आडवी येते, तोडून देतो म्हणाले. बाई म्हणाल्या, साक्षीदार फोडू नका. मी भावजींना पाखाडीच्या खालपर्यंत सोडायला जायचो. एसटीची वाट बघताना ते मला विचारायचे, "मोजणीवालं, तुमी शिकल्यालं. विमान इहिरीकडं कसा वळेल, तेवडा सांगा." मला ठाऊक होतं. पण विमान घडवणारा हात माझा नव्हता, आणि त्या हाताच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

न राहवून मी एकदा बाईंना म्हटलंच, की तुम्ही दर वेळी तारीखच करताय, मी ओळखतो ती घडी. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणून टाका. तो माणूस तिकडे खाटेवर कानात प्राण आणून बसला असेल. बाई तेव्हा तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता खोली सोडावी लागणार.

"मेला असता तर रडून मोकळी झाले असते," त्या म्हणाल्या. "भांडून गेला असता तर मीही भांडले असते. हा नुसताच आला नाही रे. दर रजेला मी घर झाडायची, आणि हा नुसताच यायचा नाही. त्याला काय म्हणायचं, सांग तू."

पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं होतं.

"मग निकाल लागलाय का?" मी विचारलं.

"लागला असता तर टाइप केला असता," म्हणाल्या आणि सूप पुन्हा उचललं.

पुढच्या खेपेला भावजींबरोबर तो स्वतःच आला.

मी बेड्यापाशी होतो. बेडं म्हणजे आवाराचं फाटक, गॅलरीच्या समोर, पण जरासं फणसाच्या अंगाला. पाखाडी चढून म्हाताऱ्याला इतका दम लागला होता की तो तिथल्या दगडावरच बसला. पांढरा सदरा, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडकं. एके काळी देखणा असावा. आत येतो म्हणाला नाही, हाक मारली नाही. भावजी एकटेच खळ्यात आले आणि वर बघून म्हणाले, "वैनी, आणलाय त्याला. आज काय तो सोक्षमोक्ष करा."

बाईंनी खाली बघितलं. किती वर्षांनी बघत होत्या कोण जाणे. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, चष्मा मात्र काढून पुसला. मग आत वळल्या आणि पाठमोऱ्याच घड्या घालत राहिल्या, त्यामुळे कुठलं विमान ते मला कळलं नाही. दुपारची वेळ होती. फणसाचं पान हलत नव्हतं.

विमान सुटलं. वर गेलं नाही, झुललं नाही, विहिरीकडे बघितलं नाही की फणसाकडे नाही. सरळ बेड्याकडे आलं. म्हातारा मान खाली घालून बसला होता. सळसळ ऐकून त्याने वर पाहिलं आणि त्याचा हात झटकन वर गेला. विमान त्याच्या मुठीत होतं.

भावजी ओरडले, अरे काय केलंस, हात लावलास त्याला! म्हातारा घाबरून आमच्याकडे बघायला लागला. जणू चोरी करताना सापडला होता. म्हणाला, "चुकून झाला. बोटीवरची खोड. धक्क्यावरून दोरी फेकली का ती धरायची. पाण्यात पडून द्यायची नाय."

माझा हात पिशवीकडे गेला होता, पण मोजायचं काय? विमान जमिनीवर नव्हतंच. बाई कठडा धरून उभ्या होत्या. मग त्यांनी मला विचारलं, अगदी कोर्टातल्या आवाजात, "मोजणीवाले, जमिनीला टेकलं?"

"नाही."

"मग कौल झाला नाही." मग त्या नवऱ्याकडे बघून बोलल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुमच्या हातात आहे ते. खाली टाकलंत तर जिथे पडेल तो निकाल. नाही टाकलंत, तर निकाल नाही."

हात लावलेला कौल बाद, हा स्वतःचाच नियम त्यांनी काढला नाही. म्हाताऱ्याला काय समजलं कोण जाणे. मी नजरेनेच मोजलं, तो बसला होता ती जागा फणसाच्या बाजूची होती. टाकलं असतं तर सरळ नाही. त्याने विमान छातीशी धरलं. ऊन त्याच्या टकलावर आलं तरी तो तसाच बसून राहिला, भावजी एकदा याच्याकडे आणि एकदा वर बघत राहिले, आणि मी मधे टेप घेऊन उभा. शेवटी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ बाईंचा.

"पानं वाढलीत. विमान घेऊन या जेवायला."

असा तो त्या घरात राहिला. कोर्टाच्या भाषेत बोलायचं तर त्याला स्थगिती मिळाली होती. माडीवर नाही, खाली माझ्या शेजारच्या खोलीत. विमान सदऱ्याच्या खिशात. बाई त्याच्याशी फारसं बोलत नसत. सकाळी चहा देताना एवढंच विचारायच्या, "विमान आहे ना?" तो खिसा चाचपून म्हणायचा, "हाय." झालं त्यांचं संभाषण. सदरा बदलताना आधी विमान नव्या खिशात, मग हात बाहीत. आंघोळीला जाताना तो ते माझ्या हाती द्यायचा, दोन्ही हातांनी, आणि बाहेर येईपर्यंत मला खाली ठेवायची परवानगी नसे. मोजणीला उशीर व्हायचा, साहेब ओरडायचे, पण मी बाथरूमच्या दारात विमान धरून उभा असायचो.

त्यामुळेच मला ते नीट बघता आलं. लांब, निमुळतं, नाकाशी तिहेरी घडी. समन्स होतं. ते वळत नाही. समोरच्याच्या छातीवर जातं.

मी बाईंना विचारलं की तुम्ही समन्स का सोडलंत. त्या म्हणाल्या, तडजोड सोडली होती, वाऱ्याने नेलं तिकडे. मी म्हटलं, वारा नव्हता. त्या म्हणाल्या, वर होता. आता गॅलरी ती वर किती असणार! शिवाय घडी काही वाऱ्याने बदलत नाही. पण त्यांनी सूप ओढून घेतलं आणि मी उठलो. त्यांना तो हवा होता म्हणून सोडलं, की त्याच्या छातीवर एकदा काहीतरी मारायचंच होतं म्हणून? मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही एकदम खरं कसं असेल ते कळत नाही.

तो घरात उपयोगाचा होऊ बघायचा. दोऱ्यांना गाठी मारून द्यायचा, रहाटाचा दोर बदलला, कपड्यांची दोरी अशी ताणली की ती आजही सैल पडली नसेल. संध्याकाळी ओटीवर बसून मला बंदरांच्या गोष्टी सांगायचा. बाई आत टीव्ही बघत असत. गोष्ट सुरू झाली की टीव्हीचा आवाज बंद व्हायचा, चित्र चालूच. ऐकत नाही हे दाखवायला त्या पडद्याकडे तोंड करून बसायच्या.

पुढे माझी बदली दापोलीला झाली. निघताना मी म्हटलं, आता आंघोळीच्या वेळी विमान कोण धरणार? बाई म्हणाल्या, "बघू." नंतर भावजींकडून कळलं की बाई स्वतःच दारात उभ्या राहतात.

तो गेल्याचा फोनही भावजींचाच आला. झोपेतच गेला. मला लगेच निघता आलं नाही, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलो. पाहुणे पांगले होते. भावजी ओटीवर बसले होते, बाई त्यांच्या समोर. कुंकू नव्हतं, तेवढाच फरक. मला बघून त्या म्हणाल्या, "बरं झालं आलास. तुझ्यासाठीच थांबले होते." मग उठून त्याच्या खोलीत गेल्या. खुंटीवर सदरा तसाच होता. खिशातून विमान काढलं आणि जिना चढायला लागल्या.

भावजींच्या ध्यानात आलं. ते उठून उभे राहिले. "वैनी, आता कशाला? ऱ्हाऊ दे तसाच."

"प्रकरण उघडं ठेवता येत नाही, भावजी."

आम्ही दोघं खळ्यात उतरलो. भावजींनी पूर्वीसारखेच हात जोडले होते. आता विमान विहिरीकडे पडलं काय आणि फणसाकडे पडलं काय, जाणारा तर गेला होता. तरी मला फार वाटत होतं की ते विहिरीकडे पडावं. का, ते विचारू नका.

बाईंनी विमानाला नख लावलं नाही. जसं होतं तसं सोडलं. पण घामाने आणि दमट हवेने कागद मऊ पडला होता, नाक वाकलं होतं, समन्सचा काही जोर त्यात उरला नव्हता. थोडंसं पुढे आलं, डुगडुगलं, एका पंखावर कललं आणि फणसाच्या बुंध्याशी जाऊन पडलं.

भावजींनी तोंड फिरवलं. बाईंना आता लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी वरून विचारलं, "मोजणीवाले, कुठे पडलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांच्यापुढे मी मोजून खोटं कधी सांगितलं नव्हतं. "फणसाकडे," मी म्हणालो. "टेप लावायची गरज नाही."

"वाटलंच. मीही तेच टाइप केलं असतं."

असं म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली बसल्या. मग रडायला लागल्या. आधी आवाज नव्हता, मग मोठ्याने. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि कुणाच्या रडण्याने मी इतका घाबरलोही नव्हतो. भावजी जिन्याकडे धावले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी फणसापाशी जाऊन विमान उचललं, दोन्ही हातांनी, आणि तसंच धरून उभा राहिलो.

वरून बाईंचा आवाज आला, रडण्यातूनच.

"बरं झालं रे, त्या दिवशी त्यांनी धरलं."